फक्तराव, घर कधी सोडताय?

श्री. रा. रा. फक्तराव यांस,
मुक्काम पोस्ट : गेमच्या खोक्याचा वरचा कोपरा



तुमचं पाळण्यातलं नाव इंग्रजी, ‘ओन्ली ऑन’. पुढे ज्या कन्सोलचं मीठ खाता त्याचं नाव लावता. ‘फक्तराव’ हे नाव माझ्या भाच्याने ठेवलं आणि ते घरात इतकं रुळलंय की परवा बहीण फोनवर म्हणाली, ‘‘काय म्हणतायत तुझे फक्तराव? गेले का दुसरीकडे?’’ गेलात. नेहमीसारखेच गेलात. म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी की पाकिटावर तुमचा कायमचा पत्ता काय घालायचा तेच कळेना.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत नसेल, तुमच्याकडे गिऱ्हाइकांची वर्दळ मोठी. लॅमिंग्टन रोडवरचं एक दुकान, काचेचं कपाट, वरून दुसरी फळी. सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं एक खोकं आणि त्याच्या कोपऱ्यात तुम्ही, नखाएवढे. माझ्या घरी दुसऱ्या कंपनीचा कन्सोल होता, चांगला धडधाकट. मिक्सर बंद पडला तर दुरुस्तीचा भाव तीन ठिकाणी काढणारा मी माणूस. पण तुम्ही ‘फक्त’ म्हणालात आणि मी विरघळलो. जुना कन्सोल भाच्याला विकला, घरातल्या घरात, मामाच्या भावात. नव्याचे हप्ते बांधले. भाचा तेव्हा तेरा वर्षांचा. तो म्हणाला, ‘‘मामा, थांब ना थोडं. येईल याच्यावर पण.’’ मी त्याला म्हटलं, ‘‘खोक्यावर लिहिलंय, वाच.’’ त्याने वाचलं आणि काही बोलला नाही. वाढलेल्या वयाच्या माणसाशी कसं वागावं हे हल्लीच्या मुलांना बरोबर कळतं.

हप्ते फिटायच्या आत तो गेम भाच्याच्या, म्हणजे माझ्याच, जुन्या कन्सोलवर आला. किंमत निम्मी, वर एक जादा प्रकरण, माझ्याकडे नसलेलं. ते प्रकरण मी त्याच्या घरी जाऊन, माझ्याच अंगठ्याने रबर झिजवलेल्या कंट्रोलरवर खेळलो. बहिणीने पोहे केले होते.

त्या दिवसापासून मी तुमची कुंडली मांडायला बसलो. एखाद्या घराण्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या शब्द देऊन फिरवत आले, तर दोष एकट्या वंशजाला देऊन कसं चालेल?

तुमच्या खानदानातली सगळ्यात रम्य कथा जपानची. नोव्हेंबर २००२ मध्ये कॅपकॉम कंपनीने निन्टेन्डोच्या गेमक्यूबसाठी पाच गेम जाहीर केले. जगाने आनंदाने त्यांचं नाव ‘कॅपकॉम फाइव्ह’ ठेवलं. जेमतेम दोन महिने झाले आणि कॅपकॉमने खुलासा केला की गैरसमज झाला, पाचांपैकी ‘फक्त’ असा एकच, रेसिडेंट ईव्हिल ४. बाकीच्यांचं काय? एक रद्दच झाला. ‘व्ह्यूटिफुल जो’ पुढच्या वर्षी सोनीच्या प्लेस्टेशन २ वर गेला. ‘किलर सेव्हन’ने तर वाट पाहायचेही कष्ट घेतले नाहीत, तो दोन्हीकडे बरोबरच आला. आयुष्यभर गेमक्यूबशी एकनिष्ठ राहिला तो ‘पी. एन. ०३’, आणि त्याला दुसऱ्या कुणी मागणीच घातली नाही. एकनिष्ठेचं हे एक कारण आपल्याकडेही चालतं.

राहता राहिला तो रेसिडेंट ईव्हिल ४. त्याचे दिग्दर्शक शिंजी मिकामी. हा गेम दुसरीकडे गेला तर मी माझं डोकं कापून देईन, अशा अर्थाचं ते बोलल्याचं जगभर छापून आलं. आमच्याकडे असं बोललेलं मिशीवर निभावतं, हे थेट डोक्यावर गेले. २००४ साल संपायच्या आत, म्हणजे गेम गेमक्यूबवर विकायला येण्याच्याही आधी, कॅपकॉमने जाहीर करून टाकलं की तो प्लेस्टेशन २ वर येतोय. अमेरिकेत गेमक्यूबवर जानेवारी २००५, प्लेस्टेशन २ वर ऑक्टोबर २००५. नऊ महिने, फक्तराव! आणि नवव्या महिन्याला जे जन्माला आलं त्याचं चित्र जरा फिकट होतं खरं, पण सोबत एडा वाँग या पात्राचं एक अख्खं नवं प्रकरण होतं. ज्यांनी आधी, पूर्ण पैसे मोजून, तुमच्या शब्दाखातर गेमक्यूबवर घेतला त्यांच्याकडे ते नव्हतं. ते पोहे तेव्हापासूनचे आहेत तर.

पुढे तो गेम निन्टेन्डोच्या वी वर गेला, संगणकावर गेला, मग प्लेस्टेशन ३, एक्सबॉक्स ३६०, एक्सबॉक्स वन, स्विच, डोक्याला बांधायच्या चष्म्यावरसुद्धा. मिकामींचं डोकं जागेवर आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. बिचाऱ्याचा दोष एवढाच की दिग्दर्शक शब्द देतो आणि हिशेब दुसऱ्या मजल्यावर होतो. त्या मजल्यावरचा हिशेब सोपा होता. गेमक्यूब जगभरात आयुष्यभरात विकले गेले सुमारे २ कोटी १७ लाख. प्लेस्टेशन २ विकले गेले १५ कोटींच्या वर. पंगतीत सात पानं मांडलीत आणि तुम्ही एकाच पानावर वाढून ‘फक्त’ म्हणता, तर आचारी किती दिवस ऐकेल?

इथे तुम्ही म्हणाल, हे असंच असतं तर मला कामाला ठेवतात तरी कशाला? रास्त प्रश्न. उत्तर आमच्या महाराष्ट्रात कुठल्याही इस्टेट एजंटच्या टेबलावर पडलेलं असतं : अकरा महिन्यांचा करार. लीव्ह अँड लायसन्स. घर मालकाचं, राहणारा भाडेकरू, दारावर पाटी भाडेकरूची. तुम्ही ती पाटी आहात, फक्तराव. गेम बनवणारी कंपनी कन्सोलवाल्याची नसते; तिला धंद्यात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात, म्हणजेच घरमालक. कन्सोलवाला डिपॉझिट देतो, जाहिरातीचा खर्च उचलतो, आणि मुदतीपुरती पाटी लावून घेतो. जो येतो तो पाटी वाचून समजतो की घर यांचंच.

आणि मी हे उगाच उपमा म्हणून म्हणत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये जर्मनीत कोलोनच्या गेम्सकॉममध्ये मायक्रोसॉफ्टने घोषणा केली, ‘राइज ऑफ द टूम रेडर’ पुढच्या नाताळात एक्सबॉक्सवर, एक्सक्लुझिव्ह, म्हणजे तुम्हीच. त्याची नायिका लारा क्रॉफ्ट, जी प्लेस्टेशनच्या पहिल्या पिढीत लहानाची मोठी झाली, ती एकदम शेजाऱ्यांकडे? हलकल्लोळ झाला. तेव्हा एक्सबॉक्सच्या फिल स्पेन्सर यांना पत्रकारांनी खोदून विचारलं आणि त्यांनी कबूल केलं की कराराला मुदत आहे. किती, ते सांगितलं नाही. गेम एक्सबॉक्सवर आला १० नोव्हेंबर २०१५ ला. प्लेस्टेशन ४ वर आला ११ ऑक्टोबर २०१६ ला. मोजा. अकरा महिने आणि एक दिवस. तो वरचा एक दिवस सामान हलवायला दिला असावा. आणि हो, प्लेस्टेशनवाल्यांना जादा मजकूर मिळाला, आवृत्तीला ‘वीस वर्षांचा उत्सव’ असं नाव देऊन. उशिरा येणाऱ्या पाहुण्याला दोन लाडू जास्त, ही तुमच्या घराण्याची रीतच आहे.

भाडेकरू अकराच महिने का घेतो, जन्मभर का नाही? कारण त्याला घर नकोच असतं, त्याला दिवाळी काढायची असते. नवा कन्सोल घेणारा माणूस ठरवतो नवा गेम येतो त्या मोसमात, पहिल्या काही आठवड्यांत. त्या आठवड्यांत ‘दुसरीकडे मिळत नाही’ या एका वाक्याला सोन्याचा भाव असतो. मी दुकानात उभा होतो ना, तेच ते आठवडे. वर्षभराने माझ्यासारखे सगळे खिसे रिकामे करून बसलेले असतात. मग पाटी राहिली काय आणि गेली काय. आणि जन्मभराची पाटी हवी असेल तर घरमालक विचारणार, की बाबा, बाकीच्या कन्सोलवर माझा जो गेम खपला असता त्या सगळ्याचे पैसे भर. ती रक्कम सहसा कुणाला परवडत नाही. वर्षाची परवडते. म्हणून वर्ष.

घरमालकाचंही बरंच. पहिल्यांदा भाडं मिळालं, मग विक्री मिळाली, मग पाटी उतरली की त्याच घराला रंग मारून दुसऱ्या बाजूला पुन्हा पहिल्यापासून विक्री. पुन्हा नवी जाहिरात, पुन्हा नवी परीक्षणं. एकाच मुलीचं लग्न दोनदा लावून दोन्ही वेळा आहेर घ्यायचा, असा हा प्रकार आहे.

भाड्याचे आकडे सहसा बाहेर येत नाहीत. एकदा आले. जीटीए ४ च्या दोन जादा भागांसाठी मायक्रोसॉफ्टने टेक-टू कंपनीला ५ कोटी डॉलर मोजले. पूर्ण गेमसाठीही नव्हेत, नुसत्या जोडखोल्यांसाठी! पहिला भाग एक्सबॉक्सवर आला फेब्रुवारी २००९ मध्ये, आणि एप्रिल २०१० ला दोन्ही भाग प्लेस्टेशन ३ वर हजर. या जीटीए ४ ची घोषणा करताना, २००६ साली, मायक्रोसॉफ्टचे पीटर मूर यांनी मंचावर बाही वर करून दंडावरचं गोंदण दाखवलं होतं. मूळ गेम तर त्याच दिवशी दोन्हीकडे येणार होता. एकाने डोकं लावलं, एकाने कातडी. तुमच्यासाठी माणसं काय काय पणाला लावतात, फक्तराव.

तुमची बाजू घ्यायची तर काही ठिकाणी तुम्ही दिलेला शब्द पाळलात. ‘स्ट्रीट फायटर ५’ सोनीच्या मदतीने बनला आणि कायम एक्सबॉक्सच्या उंबऱ्याबाहेरच राहिला. ‘बायोनेटा २’ निन्टेन्डोने पैसे घातले म्हणूनच होऊ शकला, तो तिथेच आहे. म्हणजे विटा-सिमेंटला ज्याने पैसे दिले त्याची पाटी टिकते. ‘टायटनफॉल’चं तर अजबच झालं. ईए कंपनीने तो गेम कायमचा मायक्रोसॉफ्टला बांधून दिला, आणि हे तो बनवणाऱ्या मंडळींनाच नंतर कळलं, असं त्यांचे प्रमुख विन्स झॅम्पेला यांनी २०१३ मध्ये जाहीर सांगितलं. घर आपलं आणि विकल्याची बातमी शेजाऱ्याकडून. पुढे दुसरा भाग २०१६ मध्ये सगळीकडे आला, हे ओघानेच.

आता तुमच्या आजच्या पिढीकडे येतो. हल्ली तुमचे हाल आहेत आणि मला त्याचं, खरं सांगू, थोडं वाईट वाटतं.

पहिलं म्हणजे घर बांधायचा खर्च. जून २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात मायक्रोसॉफ्टचा खटला चालू होता. सोनीने काही कागद दाखल केले आणि त्यांतले गोपनीय आकडे काळ्या मार्करने खोडले. कागद स्कॅन झाले तर मार्करच्या पाठीमागून आकडे लख्ख वाचता येत होते. शाळेत प्रगतिपुस्तकावरचे गुण आम्ही असेच खोडायचो आणि असेच पकडले जायचो. त्या मार्करखाली लिहिलेलं होतं की ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ बनवायला सुमारे २२ कोटी डॉलर लागले. तो गेम सोनीच्या घरचाच, पण यावरून बाजारभाव कळतो. एवढा पैसा घातल्यावर कुठला त्रयस्थ घरमालक एका कन्सोलवाल्याच्या पाटीवर सुखाने झोपेल?

दुसरं, घर हलवणं सोपं झालंय. पूर्वी प्लेस्टेशन २ आणि ३ यांच्या चिप अशा विचित्र की एका कन्सोलवरचा गेम दुसरीकडे न्यायचा म्हणजे वाडा पाडून पुन्हा बांधण्यासारखं होतं. २०१३ पासून प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोघांनी एएमडीच्याच, संगणकाच्या धाटणीच्या चिप घेतल्या. आता भिंती त्याच, रंग बदलायचा. सगळं सोपं झालं असंही नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ एक्सबॉक्सवर काही महिने उशिरा आला तो स्वस्तातल्या एक्सबॉक्स सिरीज एस वर दोघांनी एकत्र खेळायची सोय बसेना म्हणून. तिथे तुमचा हात नव्हता. निर्दोष माणसाला मी दोष देत नाही.

‘ब्लॅक मिथ : वूकाँग’च्या वेळीही सिरीज एस च्या अपुऱ्या मेमरीचं कारण पुढे आलं. मायक्रोसॉफ्टने मात्र भागीदारांनी इतर कन्सोलवाल्यांशी केलेल्या करारांवर आम्ही बोलत नाही, असं म्हणून बरंच काही बोलून घेतलं. प्लेस्टेशनवर २० ऑगस्ट २०२४, एक्सबॉक्सवर २० ऑगस्ट २०२५. मेमरी बरोबर वाढदिवसाला पुरेशी झाली.

आणि आता फायनल फँटसी ७. इथे मला तुमचं कौतुक करायचं आहे, कारण इथे तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललात. प्लेस्टेशन ४ साठी नव्याने बनवलेल्या त्याच्या रीमेकच्या अधिकृत कव्हरवर चक्क तारीख छापली होती : ३ मार्च २०२१ पर्यंत एक्सक्लुझिव्ह. गेम ३ मार्च २०२० ऐवजी १० एप्रिलला आला, तर तुमची तारीखही प्रामाणिकपणे १० एप्रिल २०२१ झाली. भाडेकरूने दारावरच लिहून ठेवावं की आम्ही अमुक तारखेला जाणार, असा सरळपणा मी पाहिला नव्हता. एक्सबॉक्सवाले कॅलेंडरवर गोल करून बसले.

१० एप्रिल आला. गेला. जूनमध्ये प्लेस्टेशन ५ वर ‘इंटरग्रेड’ नावाची नवी आवृत्ती आली, सोबत युफी या पात्राचं जादा प्रकरण, आणि ते प्रकरण फक्त प्लेस्टेशन ५ वर. म्हणजे या वेळी जादा लाडूही त्याच घरात, पण नव्या खोलीत. जुन्या खोलीतले, प्लेस्टेशन ४ वाले, ताटकळत. डिसेंबरमध्ये संगणकावर आलात, तर तिथेही आधी एपिकच्या दुकानाशी सहा महिन्यांचा घरोबा, मग जून २०२२ मध्ये स्टीमचं दुकान. एक्सबॉक्स आणि स्विच २ वर गेम पोहोचला २२ जानेवारी २०२६ ला. छापलेली मुदत वर्षाची, प्रत्यक्षात पावणेसहा. मुंबईत असे भाडेकरू असतात. कोर्टात जावं लागतं.

इथे मात्र कोर्टात न जाता घरमालकच शुद्धीवर आला. फायनल फँटसी बनवणाऱ्या स्क्वेअर एनिक्सने मोठ्या गेममधून अपेक्षेइतका नफा झाला नाही हे मान्य केलं, २०२४ मध्ये हातातले काही गेम सोडून देऊन सुमारे २२ अब्ज येनचा तोटा हिशेबात घेतला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तीन वर्षांची योजना मांडली : यापुढे निन्टेन्डो, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, संगणक, जमेल तिथे सगळीकडे. फायनल फँटसी १६ त्याप्रमाणे २०२५ च्या जूनमध्ये एक्सबॉक्सवर आलाही, दोन वर्षांनी. ज्या कंपनीने पाटीसाठी भाडेकरू ठेवले तिनेच शेवटी वहीत पाहिलं की भाडं संपलं होतं आणि सहा पानं उष्टी न होता पडून होती.

तरी तुम्ही हुशार. नाव बदलून फिरताय. हल्लीच्या ट्रेलरमध्ये तुम्ही ‘कन्सोल लाँच एक्सक्लुझिव्ह’ म्हणून येता, खाली, बारीक अक्षरांत, दीड सेकंद. भाच्याने मला हे तीन शब्द फोडून दाखवले. तो आता सतरा वर्षांचा आहे. ‘‘कन्सोल म्हणजे संगणकावर येणार. लाँच म्हणजे फक्त सुरुवातीला. आणि एक्सक्लुझिव्ह म्हणजे काही नाही, मामा, ते तुझ्यासाठी आहे.’’

एक विनंती आहे. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, औषधाच्या पट्टीवर असते, भाडेकराराच्या पहिल्या पानावर असते. तुम्हीही एकदा घातली होतीत. परत घाला, आणि या वेळी पाळा. लॅमिंग्टन रोडवर काचेच्या कपाटासमोर उभ्या असलेल्या माणसाला चष्मा न काढता वाचता येईल एवढ्या अक्षरात. घ्यायचं त्याने तरीही घ्यावं. पहिल्या दिवशी खेळण्याचीही मजा असते, मी ती घेतली, तिचे पैसे मला जड वाटले नसते. मला जड वाटले ते ‘फक्त’चे.

भाच्याचा निरोप : तो नवा कन्सोल घ्यायचं म्हणतोय आणि जुना मला परत विकायला तयार आहे. भाव त्याचा. मामाचा भाव आता चालत नाही म्हणतो.

कळावे. ‘लोभ असावा’ असं शेवटी लिहायची पद्धत आहे, पण तुमच्या बाबतीत त्याची आठवण करून द्यायला नको.

आपला,
(आणि सध्या तरी फक्त आपला)
एक हप्तेफेड्या मामा